झाडाखालचं हसणं

हॅझल फार्म, लेडबरीजवळ
३ नोव्हेंबर १९७४

प्रिय एनिड,

तू लग्न करून त्या टोकाच्या बेटावर गेलीस तेव्हा माझ्याकडून एक वचन घेतलं होतंस. शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस कसा गेला ते दुसऱ्याच दिवशी लिहायचं, आणि काही गाळायचं नाही. म्हणून आज अंग असं दुखतंय की खुर्चीवर उशी घेऊन बसले आहे, तरी लिहिते आहे. पंचावन्नाव्या वर्षी घोड्यावर बसणाऱ्या बाईला उशीची लाज वाटायचं कारण नाही.

काल हवा अगदी आपल्या ताफ्याला हवी तशी. वारा नाही, जमीन ओली, वास जमिनीलगत नुसता लोळत पडलेला. या वर्षी नवे स्वार बरेच आहेत. एक वूस्टरकडची बाई, नवाकोरा कोट, नवाकोरा चाबूक. मला विचारते, "कोल्हा कुठून निघणार?" मी म्हटलं, "बाई, तो बघा कोल्हा. चड्डी घालून उभा आहे, आणि सॉसेज खातोय." तो होता रोलंड टीग, आपल्या शाळेचा नवा मास्तर. तिला सगळं समजावून सांगावं लागलं. आमचं सावज म्हणजे माणूस. तो अर्धा तास आधी पळत सुटतो, वासासाठी बुटाला बडीशेपबिडीशेप काही चोळत नाही, नुसता त्याच्या स्वतःच्या अंगाचा वास. ब्लडहाउंड कुत्री त्या वासावर जातात, आम्ही त्यांच्या मागे. आणि शेवटी? "शेवटी काय, चाटून चाटून त्याचा चष्मा पाडतात. मग आम्ही टोप्या काढून म्हणतो, छान पळालात." तिची जरा निराशाच झाली. तिला वाटलं होतं, निदान थोडं तरी रक्त असेल.

पहिली फेरी काय सांगू तुला. रोलंड पळतो छान, आणि डोकंही आहे. मेंढ्यांच्या कळपातून गेला, मग उलटा फिरून ओढ्याच्या पाण्यातून. मेजर लॅक्सटन कुत्र्यांबरोबर पुढे, मी स्वारांना सांभाळत मागे. म्होरकी म्हणून हे माझं सातवं वर्ष. आपली डोरकास कुत्री आता म्हातारी झाली, पण नाक तेच. पाण्याकाठी बाकीची पोरं गोंधळून फिरत असताना तिनं एकटीनं वास काढला आणि तोंड वर करून जो सूर लावला, तो तुझ्या ऑर्कनीपर्यंत आला असेल. माझ्या घोडीनं, टॅन्सीनं, पाच कुंपणांवरून एका दमात उड्या मारल्या. मी आतून सोळा वर्षांची झाले होते.

दुसरी फेरी जेवणानंतर. ओढ्यापलीकडे गेली, लवकर आटोपली. सांगण्यासारखं काही नाही.

क्लेम बरा आहे. ताफा येणार हे त्याला नेहमीप्रमाणे आधी सांगून आले होते. तुझ्या मॅग्नसची छाती कशी आहे?

तुझी,
बेरिल


स्ट्रॉमनेस, ऑर्कनी
११ नोव्हेंबर

प्रिय बेरिल,

पत्र मिळालं. मॅग्नसला वाचून दाखवलं. चड्डीवाल्या कोल्ह्याला तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली आणि मला शिव्या बसल्या. डॉक्टरांनी त्याला हसायची मनाई केली आहे. स्कॉटिश माणसाला असल्या मनाईचा काही त्रास होत नाही, पण हा अपवाद.

आता मुद्द्याचं. क्लेमचं पत्र आलेलं नाही. माझ्या भावाचं पत्र कसं असतं ते तुला ठाऊक आहे. हवामान, त्याचे पाळलेले हंस, पुन्हा हवामान, आणि खाली सही. पण ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतं म्हणजे येतं. बोटी बंद होत्या तेव्हासुद्धा आलं होतं, कसं ते देव जाणे. या महिन्यात नाही.

तू त्याला सांगायला गेलीस तेव्हा तो काय म्हणाला? शिकारीच्या दिवशी सकाळच्या बसने लेडबरीला गेला ना? चहाच्या दुकानात केक खाऊन संध्याकाळी परत, हा त्याचा नेम आहे. ते मला नीट लिही.

आणि दुसरं. पहिल्या फेरीवर तू दोन पानं खरडली आहेस. दुसरीला दोन ओळी. बेरिल, तू एकदा साध्या दाढदुखीवर मला सात पानं लिहिली होतीस. काय झालं दुसऱ्या फेरीत?

फोन करू नकोस. फोनवर तू मला बोलण्यात गुंडाळतेस. कागदावर तुला ते जमत नाही.

एनिड


हॅझल फार्म
१६ नोव्हेंबर

प्रिय एनिड,

तू शाळामास्तरीण व्हायला हवी होतीस. बरं, ऐक. मोठं काही नाही, म्हणून लिहिलं नव्हतं. तू तिकडे लांब, उगाच जिवाला घोर.

दुसऱ्या फेरीत रोलंड क्लेमच्या घरामागच्या लाकडी पुलावर घसरला आणि थेट ओढ्यात. क्लेम तिथेच कुंपण दुरुस्त करत होता. त्यानं त्याला ओढून काढला. मास्तर थंडीनं कुडकुडतोय बघून आपला कोट काढून त्याच्या अंगात घातला, आणि त्याची ओली पिवळी जर्सी खांद्यावर टाकून म्हणाला, "चुलीपाशी वाळवतो. संध्याकाळी ने." तुझा भाऊ तो. रोलंड आभार मानून कोट घालून पुढे पळाला. घाईत होता. क्लेम जर्सी घेऊन नाशपातीच्या बागेतून घराकडे निघाला.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. कुत्री पुलावर आली. डोरकास सरळ पलीकडे गेली, रोलंडच्या मागावर, आणि काठावर उभी राहून ओरडू लागली. पण बाकीची सगळी पोरं जर्सीच्या वासावर बागेकडे वळली. मेजर म्हणाले, "म्हातारीचं नाक गेलं वाटतं," आणि तिला चाबकाचा आवाज करून बोलावून घेतलं. आम्ही सगळे बागेकडे. लांबून पिवळं दिसलं, पळताना. झालं, सगळ्यांनी आरोळी ठोकली. पळतोय म्हणजे सावज.

क्लेम झाडावर चढला. कुत्र्यांनी काही केलं नाही, शपथेवर सांगते, ब्लडहाउंड चावत नाही, खाली उभं राहून शेपट्या हलवत होती. तो जरा दचकला. लोक थोडे हसले. तूही हसली असतीस. या वयात त्याला झाडावर चढता आलं, याचंच मला कौतुक.

मी त्याला सांगून आले होते, पण तो विसरला असणार. आपलं वय झालं, एनिड.

तेव्हापासून तो दार उघडत नाही, एवढं खरं. हंसांना दाणा पडलेला दिसतो, धूर निघतो, म्हणजे तब्येतीला काही नाही. मी दोनदा पाय ठेवून आले. पाय म्हणजे मांस भरून भट्टीत भाजतात तो, माझा नव्हे. ते तसेच पायरीवर राहिले, शेवटी कोल्ह्यानं नेले. जरा रुसला आहे. येईल वळणावर.

रोलंडची जर्सी त्यानं त्याच संध्याकाळी वाळवून, घडी करून फाटकावर ठेवली होती. रोलंडनं क्लेमचा कोट तिथंच अडकवला. सकाळी कोट गेलेला होता.

तुझी,
बेरिल


स्ट्रॉमनेस
२१ नोव्हेंबर

बेरिल,

पहिल्यांदा पत्र फाडलं. मग मॅग्नसनं तुकडे जुळवून वाचलं आणि म्हणाला, "तिला ठाऊकच नाही, एनिड. तू कधी सांगितलंस?" नाही सांगितलं. आता सांगते. क्लेमनं मला शपथ घातली होती, ती मोडते आहे. हे पत्र वाचून जाळ.

युद्धात तो कैदेत होता, एवढं गावाला माहीत आहे. गावाला वाटतं, कैदेत म्हणजे बटाटे सोलत बसले असतील. तो तिथून पळाला होता. त्याला आणि दुसऱ्या एका मुलाला कुत्र्यांनी शोधलं. दुसरा मुलगा पळत राहिला. त्याचं काय झालं ते क्लेमनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. क्लेम झाडावर चढला. त्याला पुष्कळ वेळ खाली उतरू दिलं नाही. खाली शिपाई उभे होते आणि हसत होते. कुणीतरी सँडविच काढून खात होता. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, भांडी पुसताना, माझ्याकडे पाठ करून. म्हणाला, "कुत्र्यांचं काही नाही गं. कुत्री आपलं काम करत होती. हसणं जात नाही."

घरी आल्यावर पहिली काही वर्षं ते हसणं त्याच्या कानात वाजायचं. भर चर्चमध्ये, रस्त्यात. तेव्हा त्याला हेरफर्डच्या इस्पितळात ठेवावं लागलं होतं. तुम्हाला आम्ही सांगितलं, टायफॉइड.

म्हणून तो कुत्रा पाळत नाही. तू म्हणायचीस, कंजूष आहे, हंसांवर राखण भागवतो. म्हणून शिकारीच्या दिवशी त्याला आधी जाऊन सांग, स्वतः सांग, असं मी तुझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. कारण सांगितलं नाही, पण तू जायचीस. सहा वर्षं गेलीस. त्याला केक आवडत नाही, बेरिल. त्याला त्या दिवशी त्या ओढ्यापासून लांब कुठंतरी बसायचं असतं.

आता मला उत्तर दे. माझा भाऊ विसरत नाही. जे विसरायला हवं तेही त्याला विसरता येत नाही. तू गेली होतीस की नव्हतीस?

एनिड


हॅझल फार्म
२६ नोव्हेंबर

एनिड,

नव्हते गेले.

पत्र जाळलं. मग बराच वेळ चुलीसमोर बसून राहिले. टॅन्सीला दाणा द्यायचा राहिला, ती दार लाथाडायला लागली तेव्हा उठले.

का नाही गेले ते सांगते. कारण ऐकून तुला किळस येईल, पण खरं तेच आहे. कंटाळा आला. शुक्रवारी दुपारी सगळी घरं करून त्याच्या वळणापर्यंत आले होते. प्रत्येक घरी सांगायचं, फाटकं बांधून ठेवा, मेंढ्या आत घ्या, उद्या ताफा येतोय. ही म्होरकीचीच जबाबदारी. क्लेमकडे गेलं की तो चहा टाकतो. मग आपण समोरासमोर बसायचं आणि तो बोलत नाही. मी बोलते, तो मान हलवतो. तासभर. मला खोगीर साफ करायचं होतं. मनात म्हटलं, दरवर्षी सांगतो आपण, त्याला काय माहीत नाही का, पोस्टात सूचना लावलेली आहे. आणि घोडी वळवली.

एवढंच असतं तर मी हलगर्जी ठरले असते. पण एवढंच नाही.

बागेच्या फाटकातून पिवळं दिसलं तेव्हा मी सगळ्या स्वारांच्या पुढे होते. सहा वर्षांची असल्यापासून मी क्लेमला पळताना बघितलं आहे. डावा पाय बाहेर फेकून पळतो. मी त्याला तिथूनच ओळखलं. म्होरकीनं हात वर केला की सगळे स्वार थांबतात, हा नियम आहे, आणि कुत्र्यांमागे असलेल्या मेजरना मी हाक मारू शकले असते. मी हात वर केला नाही. घोडी छान पळत होती, एनिड. शेवटचं कुंपण समोर होतं आणि मला त्यावरून उडी मारायची होती.

झाडाखाली पोचलो तेव्हा तो फांदीला मिठी मारून होता. विजार ओली झाली होती. मला ते दिसलं आणि मी नजर वळवली, पण वळवून काय केलं? मागून सगळे येत होते, धापा टाकत, लाल लाल तोंडांनी. त्यांना वाटलं, कुणी नवा गंमत्या पळणारा आहे. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण आधी म्होरकी टोपी काढते, मग बाकीचे. मी टोपी काढली. त्याच्या तोंडाकडे बघत, हसत हसत म्हणाले, "छान पळालात." मग सगळ्यांनी टोप्या काढल्या आणि एका सुरात, "छान पळालात!"

मग तो बोलला. वरून, अगदी स्पष्ट, शाळेत हजेरी देतात तसं. "प्रीस, क्लेमंट. कॉर्पोरल." आणि एक आकडा, पकडला गेलेला शिपाई शत्रूला सांगतो तो. मग पुन्हा तेच. पुन्हा तोच आकडा.

सगळ्यांना वाटलं, विनोद करतोय. मेजरनी सलाम ठोकला आणि म्हणाले, "विश्राम, कॉर्पोरल!" हास्याचा जो काय स्फोट झाला! मीही हसले. माझा आवाज तुला माहीत आहे, तीन शेतं पलीकडे जातो. मला वाटतं, मीच सगळ्यांत मोठ्यानं हसले. आणि हसताना मला कळत होतं की हा विनोद करत नाहीये. क्लेमनं जन्मात विनोद केलेला नाही.

आम्ही कुत्री घेऊन निघालो तेव्हा तो वरच होता. मी मागे राहायला हवं होतं. मी चहाला गेले.

तुला लिहिलं, तो विसरला असणार. स्वतःचं पाप त्या बिचाऱ्याच्या माथी मारलं. तुझा संताप समजतो, आणि तू फाडलेलं पत्र मॅग्नसनं जुळवायला नको होतं.

आणखी एक आहे. चौदा डिसेंबरला हंगामाचं जेवण. दरवर्षीप्रमाणे सर्वांत गमतीदार सावजाला तो जुना बूट सफरचंदाच्या सायडर दारूनं भरून देतात आणि त्यानं तो सगळ्यांसमोर रिकामा करायचा. मेजरनी ठरवलं आहे, या वर्षी बूट क्लेमला. चांगल्या मनानं. म्हणतात, "बिचारा बुजला आहे, चार लोकांत मिसळेल." पबमध्ये त्याची नक्कल करून झाली आहे, आकड्यासकट. रोलंडला क्लेमच्या घरी आमंत्रण द्यायला पाठवणार होते. मी सांगितलं, मी देईन. दिलेलं नाही.

मी म्होरकेपण सोडते. उद्याच चिठ्ठी पाठवते. आणखी काय करू ते सांग. तू सांगशील ते करीन.

बेरिल


स्ट्रॉमनेस
२ डिसेंबर

बेरिल,

म्होरकेपण सोडू नकोस, निदान आत्ता नको. त्यानं तुला बरं वाटेल आणि क्लेमला कळणारही नाही. लोक म्हणतील, बेरिलचं गुडघ्याचं दुखणं.

मी यायला निघाले होते. बॅग भरली. मॅग्नसला परत ताप भरला आणि बोटही बंद. तेव्हा ते तुलाच करायचं आहे.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. मला क्लेमच्या शपथेपेक्षा आमच्या घराण्याच्या नावाची काळजी जास्त होती. टायफॉइड ही माझी कल्पना, त्याची नव्हे. भाऊ वेड्यांच्या इस्पितळात होता हे तुला कळलं असतं तर तू एक शुक्रवारही चुकवला नसतास. हे मला इथं रोज भांडी पुसताना आठवतं.

आता ऐक. ते बुटाचं थांबव. पण कारण सांगायचं नाही. युद्ध, कुत्री, शिपाई, यातला एक शब्द त्या टेबलावर जाता कामा नये. गाव त्याच्याकडे हसून बघतं ते वाईट, कीव करून बघायला लागलं तर तो घर सोडून जाईल. दुसऱ्या कशानं थांबव. तुझ्याजवळ दुसरं काय आहे ते तुला माहीत आहे.

मग त्याच्याकडे जा. पाय नेऊ नकोस, मांसाचे. त्याला काय झालं होतं ते तुला ठाऊक आहे असं दाखवू नकोस. तू काय केलंस तेवढं सांग, आणि परत फीर. त्यानं माफ करावं म्हणून पायरीवर ताटकळत बसू नकोस. तुझी ती खोड आहे. लहानपणी माझी बाहुली फोडलीस तेव्हा मी "जाऊ दे" म्हणेपर्यंत घरी गेली नव्हतीस. मला "जाऊ दे" म्हणायचं नव्हतं. तुझी आई ओरडेल म्हणून म्हटलं.

एनिड


हॅझल फार्म
१६ डिसेंबर

प्रिय एनिड,

जेवण शनिवारी झालं. पबची वरची खोली, साठ माणसं, मटण, बटाटे आणि सलगम. मेजर बूट घेऊन उभे राहिले आणि नक्कल सुरू करणार, तोच मी उभी राहिले. मी दोन पेले घेतले होते, ते चुकलं. चार घ्यायला हवे होते.

मी म्हटलं, "बूट क्लेम प्रीसला देता येणार नाही. सावज स्वखुशीनं पळतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं काम माझं होतं, आणि मी गेले नाही." कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं, मी काहीतरी गमतीकडे चालले आहे. मी म्हटलं, "कंटाळा आला म्हणून गेले नाही. मग फाटकातूनच त्याला ओळखलं आणि तरी थांबवलं नाही, कारण मला कुंपणावरून उडी मारायची होती. आपला शेजारी झाडावर थरथरत होता आणि मी त्याला टोपी काढून दाखवली. तुम्हाला माहीत नव्हतं, मला होतं. ज्यांना यावर अजून हसायचं असेल त्यांनी माझी नक्कल करावी. माझा आवाज सोपा आहे."

एनिड, आपल्या लोकांना तू ओळखतेस. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती वूस्टरची बाई शेवटी म्हणाली, "जरा बटाटे सरकवता का?" आणि सगळे धावून बटाटे सरकवू लागले. मेजर पुटपुटले, "बस, बेरिल, बस. एवढं काय त्यात." पण बूट त्यांनी टेबलाखाली ठेवला, आणि तो परत वर आला नाही. रोलंड उठून बाहेर गेला. नंतर जिन्यात मला भेटला, डोळे लाल. म्हणाला, "मला त्यांनी अंगातला कोट काढून दिला होता, आणि ताफा मागे येतोय एवढंही मी सांगितलं नाही. मला वाटलं, सगळ्यांना माहीत असतं." मी म्हटलं, "सगळ्यांना माहीत असावं, हे माझं काम होतं."

काल रविवारी चर्च झाल्यावर क्लेमकडे गेले. चालत. टॅन्सीला नेलं नाही. रिकाम्या हातानं.

दार वाजवलं. नेहमीसारखं उत्तर नाही. पण आत जमिनीची फळी करकरली, म्हणजे तो दारामागे उभा होता. मी दाराशीच बोलले. तू सांगितलंस तेवढंच. "क्लेम, मी बेरिल. शिकारीच्या आदल्या दिवशी मी तुला सांगायला यायला हवं होतं. आळस केला, आले नाही. नंतर झाडाखाली तुला ओळखलं आणि तरी हसले. मला त्याची लाज वाटते. मी जाते आता." आणि खरंच वळले. फाटकापर्यंत पोचले होते.

कडी निघाली. तो दारात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, कोटाची बटणं नीट लावलेली. म्हणाला, "काय म्हणालीस?"

"आळस केला."

"ते नाही. त्याच्या पुढचं."

"मी हसले."

"तू हसलीस? तू स्वतः?"

"मी. सगळ्यांत मोठ्यानं."

"आणि बाकीचे? तेही हसले?"

"सगळे हसले, क्लेम."

तो पायरीवर खाली बसला. मला वाटलं, मी त्याला संपवलं. तू म्हणाली होतीस परत फीर, पण मला पाऊल उचलेना. तो दोन्ही हातांनी तोंड चोळत होता. मग म्हणाला, "म्हणजे ते खरंच झालं."

मी नुसतं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

तो म्हणाला, "एकदा मला एक आजार होता. नसलेलं ऐकू यायचं. हसणं. मला वाटलं, परत सुरू झालं. कुत्री होती, ते खरं, कारण त्यांचे पाय चिखलात उमटले होते. पण हसणं? मी विचार करत बसलो. तुझा आवाज मला अगदी स्पष्ट आला होता, बेरिल. मग मी म्हटलं, बेरिल तिथं असती तर हसली नसती, तिनं मला खाली उतरवलं असतं. बेरिल मला लहानपणापासून ओळखते. म्हणजे ती तिथं नव्हतीच. म्हणजे कुणीच हसलं नाही, आणि माझंच डोकं गेलं. तू दार वाजवायचीस तेव्हासुद्धा खरंच वाजतंय की नाही, कळेना. म्हणून उघडलं नाही."

मग त्यानं मला पुन्हा विचारलं, नक्की का. मी म्हटलं, नक्की. तो रडला नाही. त्याचे खांदे खाली आले, ओझं उतरवल्यावर येतात तसे. उठून आत गेला, किटली चुलीवर ठेवली, आणि मला आत बोलावलं. मी बसले. तासभर बसले.

तो मला चांगली समजत होता, एनिड. इतकी चांगली, की माझ्यावर संशय घेण्यापेक्षा त्यानं स्वतःला वेडा ठरवलं, आणि दीड महिना कडी लावून त्या वेडाला भीत बसला. मी निर्दय निघाले म्हणून तो शहाणा ठरला. माझ्या वाईटपणानं कुणाचं इतकं भलं होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

निघताना तो फाटकापर्यंत आला. माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "सांगितलंस ते बरं झालं. फार उपकार झाले, बेरिल." दोनदा म्हणाला. मला नको म्हणता येईना, आणि हात सोडवूनही घेता येईना. मी तिथं उभी राहून ते ऐकून घेतलं.

तुझी,
बेरिल